मी व्रत धरलं नव्हतं

मी पहिल्यांदा हाडांच्या डॉक्टरकडे गेले, कारण गुडघा हा शब्द चारचौघांत उच्चारता येतो.

त्रास गुडघ्याचा नव्हताच. छातीतून एक झळ उठायची, मानेवरून कानशिलांत जायची आणि बघता बघता ब्लाउज पाठीला चिकटायचा. झळ ओसरली की हुडहुडी. रात्री उशी ओली, झोपेचा पत्ता नाही. पाळी कधी महिनोन्‌महिने गायब, आणि आली की अशी यायची की मला बाजाराला जाताना गडद साडीच नेसावी लागे. पण नगरच्या त्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं "काय होतंय?" असं मोठ्यानं विचारलं, तेव्हा माझ्या मागे रांगेत पुरुष उभे होते आणि त्यातला एक माझा गिऱ्हाईक होता. मी म्हणाले, "गुडघे."

फोटो काढला. गुडघे उत्तम निघाले. डॉक्टर म्हणाले, "या वयात असे गुडघे म्हणजे नशीब हो." ते नशीब घेऊन मी केडगावला परत आले.

ज्या बायकांना हाच त्रास आहे आणि ज्या अजून गुडघ्यांवर थांबल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझी हुशारी सांगायला नाही. हुशारी मी आयुष्यभर विकली. या बाबतीत ती माझ्याकडे नव्हती.

कोरडा चेहरा

माझा चिंचेचा धंदा आहे. थंडी सरता सरता पाथर्डीकडच्या गावांतून फिरायचं, झाडावर लटकलेली चिंच उभ्या झाडाला विकत घ्यायची, झोडून टेम्पोनं केडगावच्या शेडमध्ये आणायची, बायकांकडून फोडून चिंचोके काढायचे आणि व्यापाऱ्याला द्यायची. आमचे हे सुप्याच्या कारखान्यात होते. त्यांच्या पगारात घर चालायचं. धंदा मात्र मी डोक्यावर पाटी घेऊन बाजारात बसण्यापासून एकटीनं उभा केला. झाडाखाली उभं राहून वर बघायचं आणि किती पोती निघतील ते मनात धरायचं, एवढीच माझी विद्या. ती चालायची, कारण माझ्या तोंडावरून कुणाला काही कळायचं नाही.

त्या वर्षी एका बांधावर तीन जुनी झाडं बघत होते. शेतकरी ओळखीचा. मी नेहमीप्रमाणे तोंड वाकडं केलं.

"कीड दिसतीय. नको मला."

तेवढ्यात झळ आली. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला. पदरानं पुसला, परत आला. तो गडी माझ्याकडे टक लावून बघत होता. मग हसला.

"मावशी, घाम फुटला की तुमाला! म्हंजी झाडं आवडल्यात. आता भाव खाली यायचा न्हाई."

मी त्याला जे बोलले ते इथं लिहिता येत नाही. त्याच्या बायकोनं दारातून ऐकलं आणि पोरांना आत ओढलं. सौदा मोडला. झाडं दुसऱ्यानं घेतली.

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "तुझा स्वभावच तसा."

याच शब्दावर माझं डोकं फिरतं. मी तापट आहे, मला माहीत आहे. पण तापट माणूस आजारीही पडू शकतो की नाही? शांत बाई चिडायला लागली तर सगळे विचारतात, काय गं, बरं वाटत नाही का? मी चिडले तर स्वभाव. मी रडले तरी स्वभाव. त्या वर्षी मी शेडच्या संडासात बसून कारण नसताना कितीदा रडले, ते कुणाला माहीत नाही.

आजार नव्हे

शेवटी माझी मुलगी रूपाली पुण्याहून आली आणि मला हाताला धरून बायकांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. बाई तरुण होत्या. त्यांनी दार लावून घेतलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि मी काही सांगायच्या आत विचारलं, "गरम वाफा येतात ना?"

मी मान हलवली. इतकी लाज वाटली की मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघून सगळी उत्तरं दिली. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. गाठबीठ काही नाही. रक्त कमी होतं, त्याच्या गोळ्या दिल्या.

"पाळी जाण्याचा काळ आहे," बाई म्हणाल्या. "हा आजार नाही."

"आजार नाही तर मी आजारी का आहे?"

रूपालीनं माझा हात दाबला. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर विचारलंत." मग त्यांनी औषधांचे पर्याय समजावून सांगितले, घाई नाही म्हणाल्या. मला गोळ्यांची भीती. रूपालीनं मोबाईलवर पाहिलेलं विचारलं, ठरावीक तासांतच जेवायचं आणि बाकी वेळ उपाशी राहायचं, त्याचा उपयोग होईल का?

बाई म्हणाल्या, "करून बघा. काही बायकांना बरं वाटतं. वजन उतरतं, झोप सुधारते. वाफा त्यानं जातीलच असं मी सांगणार नाही. पाणी भरपूर प्या. खाल तेव्हा नीट खा, डाळ, दूध, अंडी. चक्कर आली तर लगेच बंद." आणि मी उठताना म्हणाल्या, "शुगरची गोळी चालू असलेल्या माणसानं मात्र विचारल्याशिवाय हे करायचं नाही. उगाच घरात सगळ्यांना करायला लावू नका."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. हे मुद्दाम लिहिते आहे.

कोणचं धरलंय?

सकाळी अकराला पहिला घास, संध्याकाळी सातनंतर काही नाही. रात्रीपासून सकाळपर्यंत फक्त पाणी, फार तर कोरा चहा. पहिला आठवडा मी घरात भांडी आपटत काढला. नंतर जमायला लागलं. रात्री उशिरा तिखट रस्सा आणि वर चहा ही माझी जुनी सवय, ती सुटली. झोप लागायला लागली. वाफा पूर्ण गेल्या नाहीत, पण पूर्वी दिवसातून कितीदा तरी यायच्या, त्या कमी झाल्या. उपासानं की रात्रीचा रस्सा सुटल्यानं, ते मला सांगता येणार नाही.

शेडमध्ये बायका सकाळी नऊला येतात. दहाला चहा होतो, डबे उघडतात. मी नको म्हणायला लागले. चार-सहा दिवसांनी हिराबाई, माझ्याकडची सगळ्यात जुनी बाई, चिंच फोडता फोडता म्हणाली, "मावशी, कोणचं धरलंय?"

म्हणजे कोणत्या देवीचं व्रत. आमच्याकडे बाईमाणूस उपाशी राहतं ते देवासाठी. स्वतःच्या अंगासाठी उपाशी राहणारी बाई अजून कुणी पाहिलेली नाही.

पाळी हा शब्द माझ्या जिभेवर आला आणि तिथंच बसला. बाहेर टेम्पोवाला पोती चढवत होता. मी म्हणाले, "आहे एक."

एवढंच बोलले. पण बायकांनी त्यावर देऊळ बांधलं. दुसऱ्या दिवशी शेडच्या चौकटीला हळदीकुंकू. माझ्यासमोर कुणी अकराच्या आत डबा उघडेना. एकीनं विचारलं, मीठ चालतं का. एकीनं विचारलं, लेकाचं लग्न जमत नाही, त्याला हे लागू पडंल का. मी म्हणाले, "मनातलं सांगायचं नसतं." ही रीत सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे पुढं कुणी विचारलं नाही. वर हिराबाईनं माझी बाजू घेतली: "नका गं सतावू. बघा तोंडावर कसं त्याज आलंय."

तेज कसलं, अंड्यांचं होतं. डॉक्टरबाईंनी सांगितलेली उकडलेली अंडी मी डब्यात आणायचे. आता व्रतवाली बाई अंडं खाणार कशी? मी वजनाचा काटा ठेवलाय त्या खोलीत जायचे, दार लोटायचे आणि गोण्यांच्या मागे उकिडवं बसून दोन अंडी घाईघाईनं गिळायचे. टरफलं पदरात बांधून घरी न्यायचे. गावोगावच्या पुरुषांशी तोंडाला तोंड देणारी मी, माझ्याच शेडमध्ये चोरासारखी बसायचे. एकदा ठसका लागला तर हिराबाई बाहेरून म्हणाली, "मावशी, जप चाललाय व्हय? चालू द्या, चालू द्या."

मला हसू आलं. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. माझ्या स्वभावाला लोक घाबरत आले, मान कुणी दिला नव्हता.

अक्का

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिचा मुलगा सचिन सुप्याला कामाला लागला तशी ती गाव सोडून त्याच्याकडे, केडगावातच दोन गल्ल्या पलीकडे राहायला आली. सकाळी शेडमध्ये येऊन बसते, चिंच फोडते, पैसे घेत नाही. "हात रिकामं कशाला ठिवायचं," म्हणते.

तिच्यावर माझा राग जुना. आम्ही गावी एकत्र होतो तेव्हा दुपार झाली की अक्का आतल्या खोलीत सारवलेल्या जमिनीवर जाऊन पडायची. दळण, पाणी, गुरं, सगळ्यांची जेवणं मागे माझ्यावर. माझ्या कडेवर लहान मूल. सासूबाई मला म्हणायच्या, "तिला पडू दे." मला कुणी कधी पडू दिलं नाही. वेगळे झालो तरी मी ते विसरले नाही. लग्नाकार्यात बायका जमल्या की मी म्हणायचे, "आमच्या अक्का म्हणजे राणी. दुपारी दरबार बंद." बायका हसायच्या. अक्काही हसायची.

व्रतांच्या बाबतीत अक्का घरात सगळ्यात वरचढ. आणि आता तीच मला विचारायला आली.

"मंदे, मला बी सांग ना कसं धरायचं. रातच्या सातपासनं सकाळच्या अकरापत्तुर, आन् मधी पानी बी न्हाई?"

"पाणी चालतं."

"मी बिनपान्याचं धरते."

"तुला कशाला पाहिजे, अक्का?"

"तू धरलंस म्हंजी त्यात कायतरी असनारच. तू कदी बिनफायद्याचं काय केलंयस का?"

ती शुगरची गोळी घेते हे मला माहीत होतं. डॉक्टरबाईंचं वाक्य आठवत होतं. मी म्हणाले, "बघ बाई, तुझी इच्छा." कारण तीस वर्षांत पहिल्यांदा अक्का माझ्या मागून चालत होती, आणि ते मला गोड लागलं. आणि खरं सांगायचं तर गोळीचा विषय काढला असता तर डॉक्टर आली असती, आणि डॉक्टर आली की पाळी आली असती.

नंतर बायकांनी उद्यापनाचं काढलं. व्रत धरलं की ते सोडतानाचं जेवण घालावं लागतं. मी एक शुक्रवार सांगून टाकला. अक्का म्हणाली, "माजं बी तुज्याच बरुबर सोडू."

गुळाचा खडा

त्या शुक्रवारच्या आधीचीच एक सकाळ. दहाचा सुमार. अक्का माझ्यासमोर बसून चिंच फोडत होती. तिचा हात थांबला. कपाळावर घामाचे थेंब. मला वाटलं, उकाडा. मग घाम गळ्यावर आला, हात थरथरायला लागले आणि ती म्हणाली, "गुरं आत बांद गं, पाऊस येतोय." आमची गुरं विकून कितीतरी वर्षं झाली आहेत.

हिराबाईच्या नवऱ्याला शुगर आहे. ती उठली. "मावशी, साकर पडलीय हिची. गूळ आना, गूळ!"

गूळ आला. हिराबाईनं खडा अक्काच्या तोंडाशी नेला. अक्कानं दात घट्ट आवळले आणि मान फिरवली. डोळे भलतीकडेच, पण तेवढं बरोबर आठवत होतं. दातांमधून म्हणाली, "अकरा... अकरा व्हयाचेत. व्रत मोडतंय."

"मोडू द्या अक्का, घ्या एवढा," बायका म्हणत होत्या. ती ऐकेना. एकीनं मला म्हटलं, "मावशी, तुमी सांगा. तुमचं व्रत हाय. तुमी सोडा म्हनलं तर सोडंल."

मी लगेच बोलले असते तर हे सगळं लिहायला मला इतकी लाज वाटली नसती. मी आधी दाराकडे बघितलं. टेम्पोवाला आणि त्याच्याबरोबरचे हमाल गडबड ऐकून दारात येऊन उभे होते. मी म्हणाले, "अक्का, मी सांगते, देवी रागवायची नाही, खा." म्हणजे त्या घटकेलाही मी देवीलाच पुढं केलं. अक्कानं दात आणखी आवळले. तिची मान खांद्यावर पडली.

तेव्हा मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ओरडले.

"अगं कसलं व्रत! माझी पाळी जातीये, म्हणून उपाशी राहते मी! अंगातून वाफा येतात म्हणून! अंडी खाते मी, त्या गोण्यांमागं बसून! देव नाही, काही नाही, तोंड उघड!"

ऐकून की तिची शुद्धच हरपत होती म्हणून, अक्काचा जबडा सैल झाला. हिराबाईनं पाण्यात साखर कालवून बोटानं तिच्या गालाच्या आत चोळली, परत चोळली. मी टेम्पोवाल्याला हाक मारली. तो माझ्याकडे न बघता गाडीकडे पळाला. पोती रस्त्यावर उतरवून त्यानं आम्हाला त्याच टेम्पोतून नगरला नेलं.

पडदा

दवाखान्यात सलाईन लागलं. दुपारपर्यंत अक्का माणसांत आली. डॉक्टर म्हणाले, सकाळची गोळी घेऊन इतका वेळ उपाशी राहिल्या, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. मी मान खाली घालून उभी होते.

नर्स विचारपूस करायला आली. आधी काही ऑपरेशन झालंय का? मी पटकन म्हणाले, "नाही." इतकी वर्षं एका घरात राहिलेली मी, मला नाही तर कुणाला माहीत असणार?

अक्का पडल्या पडल्या म्हणाली, "पिशवी काढलीय."

"कधी?" नर्सच्या आधी मीच विचारलं.

"हिची रूपाली जन्मली त्या साली."

नर्स गेल्यावर मी स्टूल ओढून बसले. अक्का छताकडे बघत होती.

"रगत थांबत नव्हतं. म्हायेरी न्हेऊन काढली. सासूबाईंनी कुनाला सांगू दिलं न्हाई. एक लेक झालेला, आनखी हवे व्हते त्यास्नी. लोक काय म्हनतील, म्हनून. तू बाळंतीन व्हतीस, तुला कुठनं कळनार. रूपालीला न्हाऊ घालायला मीच बसायची, तवा माजं टाकं वलं व्हतं."

मला आठवत होतं ते न्हाऊ घालणं. अक्का मधेच उठून भिंतीला टेकायची, तेही आठवत होतं. मी त्याला आळस म्हणत आले.

"मग वाफा यायच्या," ती म्हणाली. "तुला आत्ता येतात तशाच. मला त्या कवळ्या वयात आल्या. जिमीन गार लागायची, म्हनून पडायची."

"मला का नाही सांगितलंस अक्का? नंतर तरी?"

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. बाजारात वस्तू बघतात तसं.

"सांगून तू काय केलं असतंस, मंदे? तुजं दुखनं मोठं का माजं, ह्याचा भाव केला असतास."

शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नातेवाईक आमच्याकडे बघत होता. मी पडदा ओढून घेतला.

जे उरलं

शुक्रवारी उद्यापन झालं नाही. शेडमधल्या बायका हसतील, अशी मला भीती होती. हसलं कुणीच नाही. त्या चिडल्या. हिराबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा म्हणाली, "आमी काय गडीमानसं हाव का मावशी? आमची काय कदी गेली न्हाई पाळी? जप चाललाय म्हनून मी त्या दाराशी आवाज करू देत नव्हते कुनाला." मग तिनं चौकटीवरचं हळदीकुंकू ओल्या फडक्यानं पुसून काढलं. मला ते बघत उभं राहावं लागलं.

उपास मी अजून करते, सवडीनं करते. चक्कर वाटली त्या दिवशी सोडते. वाफा येतात, पूर्वीइतक्या नाहीत. डॉक्टरबाईंकडे परत गेले, आता पेपरवेटकडे बघत नाही. ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांनी जरूर बघावं, पण आधी विचारावं, आणि कुणी "काय गं, का उपाशी?" म्हटलं तर खरं कारण सांगावं. तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ दुसरी बाई तिच्या परीनं लावते, आणि तिच्या अंगात काय चाललंय ते तुम्हाला माहीत नसतं.

एक गोष्ट उरली. अक्काला घरी सोडलं त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात सचिननं विचारलं, "काकू, असं अचानक कसं झालं?" आमचे हे शेजारीच होते. अक्का सांगणार नव्हतीच. शुगर कमी झाली एवढं म्हटलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं. मी त्याला सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी मला बजावलं होतं, तेही.

त्यानं ऐकून घेतलं. आईच्या औषधांची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं."

त्यानंतर तो माझ्या घरी आलेला नाही. अक्का मात्र येते. गोळीच्या आधी खाऊन येते, आणि मला विचारते, आज किती वाफा आल्या. मी खरं सांगते. तिच्या दुपारच्या पडण्यावरचा माझा राग गेला असं लिहिलं तर ते शोभून दिसेल, पण माझ्या वाट्याला आलेलं काम खरंच जास्त होतं. तो राग आता कुणावर काढायचा, तेवढं कळत नाही.

सचिन तिला सोडायला येतो तेव्हा गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबवतो. तिला हात देऊन उतरवतो, पदर चाकात जात नाही ना ते बघतो, आणि माझ्या दाराकडे न बघता गाडी वळवतो. मी दारातच उभी असते. त्याला हाक मारत नाही.